पाठीला बाशिंग बांधलेला मासा

ग्लासगोला सईच्या घरी पोचले त्या रात्री पाणी प्यायला उठले आणि अंधारात इस्त्रीच्या टेबलाला धडकले. टेबल म्हणजे इकडचं, उभ्याने इस्त्री करायचं. लांबट, एका टोकाला निमुळतं, खाली कात्रीसारखे दुमडणारे पाय. ठाण्याला आमच्याकडे अजून पलंगावर जुनी सोलापुरी चादर चौघडी घालून इस्त्री होते. त्यामुळे घरात मधोमध असं काही उभं असेल याची माझ्या गुडघ्याला कल्पनाच नव्हती. आवाजाने सई उठून आली. आधी "मावशी, लागलं का गं?" विचारलं, मग बर्फ आणला, आणि मी गुडघा शेकत बसल्यावर हसायला लागली. "इथे म्युझियममध्ये एक मासा आहे, त्याच्या पाठीवर असलंच टेबल आहे. तुला दाखवायला नेणारच होते."

माझं माहेर मालवण. मासा म्हटल्यावर गुडघा विसरून मी पहिला प्रश्न विचारला तो, कसला मासा?

"मोरी," सई म्हणाली.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगते, मोरी म्हणजे भांडी घासायची जागा नव्हे. शार्कला आमच्याकडे मोरी म्हणतात, मुंबईच्या बाजारात तिचीच मुशी होते. लहानपणापासून मी मोरी बघितलेली, आणलेली, साफ केलेली आणि खाल्लेली आहे. तिच्या पाठीवर काय असतं ते मला माहीत आहे. तिकोनी पर असतं, टेबल नसतं.

"ही ३३ कोटी वर्षांपूर्वीची आहे," सई म्हणाली आणि झोपायला गेली.

३३ कोटी हा आकडा आपल्याला देवांमुळे तोंडपाठ. वर्षं म्हणून तो कधी मोजायची वेळ आली नव्हती.

सईची सुट्टी सोमवारी होती म्हणून आम्ही सोमवारी निघालो. ती इथे नर्स आहे, तिच्या ड्यूट्यांना वार नसतो, त्यामुळे वार बघायची सवयही तिला राहिलेली नाही. हंटेरियन म्युझियम ग्लासगो विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत आहे. टेकडीवर, उंच मनोरा, टोकदार कमानी. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने आखला त्याचंच हे काम, त्यामुळे वर चढताना मला सारखं फोर्टमध्ये असल्यासारखं वाटत होतं, फक्त ऊन सोडून. खांबांच्या रांगांमधून, ओल्या फरशीवरून, दुखऱ्या गुडघ्याने जिने चढून आम्ही दारापर्यंत पोचलो. दार बंद. सोमवारी म्युझियम बंद असतं. बाहेर तसं स्पष्ट लिहिलं होतं, इंटरनेटवरही लिहिलेलं असणार. चूक सर्वस्वी आमची.

सईचा चेहरा पडला. मी म्हटलं, मासा बघायला मिळत नसेल तर जिथे मिळाला ती जागा तरी दाखव. बाजार बंद असला की बंदरावर जायचं, त्यातला प्रकार.

तर हा मासा सापडला बेअर्सडेनला. ग्लासगोच्या वायव्येला, शहराला चिकटलेलं, झाडाझुडपांचं, पैसेवाल्यांचं उपनगर. हिलहेडवरून भुयारी रेल्वेने पार्टिकला गेलो. ही भुयारी रेल्वे १८९६ पासून चालू आहे आणि डबे इतके बुटके की लोकलच्या सवयीने वर हात केला तर छतालाच लागला. पार्टिकला साधी गाडी पकडली, मलगायची. पाटीवर लिहितात मिलनगेवी आणि म्हणतात मलगाय. आपल्याकडच्या शीव आणि सायनची आठवण झाली. बेअर्सडेनला उतरलो तेव्हा पाऊस होता, पण इथला पाऊस म्हणजे आकाशातून कोणी दळण चाळतंय असा. छत्री उघडावी तर लाज वाटावी, न उघडावी तर अर्ध्या तासात अंग भिजावं.

स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर, चारी बाजूंनी फ्लॅटच्या इमारती आणि मध्ये हिरवळीवर दगडी पाया. रोमन स्नानगृह. आम्ही मासा शोधायला निघालो होतो आणि वाटेत रोमन सापडले. इसवी सन १४२ च्या सुमारास सम्राट अँटोनायनस पायसच्या हुकमावरून स्कॉटलंडच्या कंबरेला आडवी भिंत घालायला घेतली, समुद्रापासून समुद्रापर्यंत साठेक किलोमीटर, बेअर्सडेनला तिच्यावरचा एक किल्ला होता. वीसेक वर्षांत रोमन ती सोडून मागे निघून गेले. १९७३ मध्ये इथले जुने बंगले पाडून फ्लॅट बांधायचे ठरले तेव्हा हे स्नानगृह वर आलं. आत फिरायला तिकीट नाही, पहारेकरी नाही. गरम पाण्याची खोली, गार पाण्याची खोली, जमिनीखालून गरम हवा खेळवायची सोय, आणि कोपऱ्यात सामुदायिक शौचालय.

मला खरं सांगायचं तर त्या शौचालयात जास्त रस वाटला. किल्ल्याच्या खंदकात जाऊन पडलेली घाण एकोणीसशे वर्षं चिखलात टिकली, आणि संशोधकांनी ती तपासून सैनिक काय खात होते ते काढलं. गहू, जव, रानातली फळं, अंजीर, खसखशीच्या जातीचं बी. आणि धणे! मांसाचा अंश कमी. पोटात जंत. घरापासून हजारो मैलांवर, या पावसात, वरणाला धण्याची चव असल्याशिवाय गिळवत नसेल बिचाऱ्यांना. मीही बॅगेत गोडा मसाला आणला होता, त्यामुळे मला त्यांचं सगळं समजलं.

पुरातत्त्वज्ञ डेव्हिड ब्रीझ यांनी हा रोमन किल्ला १९७३ ते १९८२ या काळात खणला. आणि त्याच सुमारास, त्याच गावात, दुसरा एक माणूस एका ओढ्यात दगड उलटत होता. एकाला १९०० वर्षांपूर्वीचं जेवण सापडलं, दुसऱ्याला ३३ कोटी वर्षांपूर्वीचं जनावर.

हा दुसरा माणूस स्टॅन वुड. माझ्या या प्रवासातला सगळ्यात आवडता माणूस, आणि तो २०१२ मध्येच गेला. व्यवसायाने विमा विकायचा. दारोदार फिरून पॉलिसी विकायच्या आणि उरलेल्या वेळात डोंगरदऱ्यांत जाऊन दगड फोडायचे. पुढे पुढे प्रमाण उलटं झालं. शेवटी नोकरी सोडून त्याने जीवाश्म शोधणं हाच धंदा केला, एडिनबरोत जीवाश्म विकायचं दुकानही काढलं. विद्यापीठातल्या काही लोकांना ते विकणं खटकायचं म्हणे. मला नाही खटकत. मासे ज्याने पकडले त्याने ते विकले तर त्यात काय बिघडलं?

त्याची नजर कशी होती याचा एक किस्सा. बाथगेट गावात फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला दगडांचा गडगा होता, आपल्या कोकणातल्यासारखाच, चुन्यामातीविना रचलेला. लोक सामना बघत होते, स्टॅन वुडला गडग्यातल्या दगडात जीवाश्म दिसला. ते दगड कुठून आले याचा माग काढत तो ईस्ट कर्कटन नावाच्या बंद पडलेल्या खाणीवर पोचला, आणि तिथून पुढे 'लिझी' बाहेर आली, सरड्यासारखा एक फार जुना प्राणी, जिच्यामुळे जमिनीवरच्या चारपायी प्राण्यांच्या इतिहासाची चर्चा नव्याने सुरू झाली. माझे वडील आयुष्यभर गडगे घालत आणि दुरुस्त करत आले. त्या दगडांकडे ते इतकं बारकाईने बघायचे, पण कोनात बसतोय का एवढंच.

बेअर्सडेनचा ओढा म्हणजे मॅन्स बर्न. 'बर्न' हा इकडचा शब्द, आमच्या भाषेत व्हाळ. आम्ही काठाकाठाने थोडं चाललो. खरंच आमच्या व्हाळाएवढाच, उडी मारून ओलांडावा असा, मागे लोकांच्या बागा, कुंपणं, कुणाचा तरी कुत्रा भुंकतोय. पाण्याच्या कडेला काळपट, थराथरांचा दगड. भिजलेल्या वहीची पानं सुटतात तसा नखाने सुटेल असं वाटत होतं. सईने बजावलं, "मावशी, हात लावू नकोस, इथे परवानगीशिवाय दगड फोडत नाहीत." मी नुसतं वाकून बघितलं. गुडघा दुखला. दगडात काही दिसलं नाही.

याच दगडातून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅन वुडने मासे काढले, झिंगे काढले, एक नव्हे कितीतरी जातींचे. १९८२ मध्ये 'नेचर' या जगातल्या मानाच्या विज्ञानपत्रिकेत त्याबद्दलचा लेख छापून आला तो त्याच्या नावावर. आणि त्या सगळ्यात ही एक मोरी, डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खी.

अख्खी मिळाली यात मोठं काय, असं सईने विचारलं तेव्हा ती मावशीच्या हद्दीत आली. मोरीत हाड नसतं. काटा नाही, नुसती कुर्चा, चावली तर कर्रकन् तुटणारी. म्हणून तर आमच्याकडे बाळंतिणीला पिल्लू मोरीचं कालवण देतात. पण हाड नाही म्हणजे मेल्यावर उरत काहीच नाही. समुद्रतळावर दोन-चार आठवड्यांत सगळं कुजून जातं, उरतात ते दात आणि अंगावरचे कठीण काटे. जुन्या शार्कची बरीचशी नावं एकेका दातावरून, एकेका काट्यावरून पडलेली आहेत. अख्खं शरीर दगडात उतरायचं तर तळाशी प्राणवायू नसलेला, कोणी उकरायला येणार नाही असा निपचित चिखल लागतो. मॅन्स बर्नच्या जागी तेव्हा तसा चिखल होता.

आणि वर काय होतं? विषुववृत्त. मला हे पचायला दिवस लागला. ज्या ठिकाणी मी जून महिन्यात दोन स्वेटर घालून उभी होते ती जमीन तेव्हा विषुववृत्ताजवळ होती, उथळ कोमट समुद्र, काठाला दलदल आणि दलदलीत जंगल. त्या जंगलाचा पुढे कोळसा झाला, कोळशावर ग्लासगोच्या भट्ट्या चालल्या, भट्ट्यांवर जहाजं. आपल्या चंद्रपूरचा कोळसा यानंतरच्या काळातला, आणि कोकणातल्या माझ्या माहेरच्या मागचा सह्याद्री तर अगदी काल परवाचा, साडेसहा-सात कोटी वर्षांचा. ही मोरी पोहत होती तेव्हा सह्याद्री व्हायला अजून सव्वीस-साडेसव्वीस कोटी वर्षं होती.

मंगळवारी सईला ड्यूटी होती. मी एकटीच गेले. भुयारी रेल्वेत हात वर केला नाही.

हंटेरियन १८०७ मध्ये उघडलं, स्कॉटलंडमधलं सगळ्यात जुनं सार्वजनिक म्युझियम. विल्यम हंटर नावाचा शरीरशास्त्रज्ञ, बाळंतपणांचा नावाजलेला डॉक्टर, त्याने आयुष्यभर जमवलेलं सगळं या विद्यापीठाला दिलं: नाणी, पुस्तकं, कीटक, चित्रं, बरण्यांतले अवयव. प्रवेश फुकट. आत शिरताच पुन्हा कालचेच रोमन भेटले, त्यांच्या त्या भिंतीवरचे कोरीव दगड. मग मोठं दालन, लाकडी छत, आणि एका बाजूला लॉर्ड केल्व्हिनची यंत्रं.

केल्व्हिनपाशी थांबलेच पाहिजे. मासा बघायला आलेल्या बाईने भौतिकशास्त्रज्ञापाशी का थांबावं, तर या दोघांचं भांडण आहे म्हणून. केल्व्हिन याच विद्यापीठात १८४६ पासून पन्नासहून अधिक वर्षं प्राध्यापक. त्याने गणित मांडलं. पृथ्वी आधी तापलेला गोळा होती, निवत निवत आजच्या स्थितीला आली, तर निवायला किती काळ लागला असेल? १८६२ मध्ये त्याचं उत्तर होतं २ ते ४० कोटी वर्षं. मग तो आकडा कमी कमी करत गेला आणि १८९७ मध्ये २ ते ४ कोटींवर आला. एवढ्या मोठ्या माणसाशी वाद कोण घालणार? भूगर्भशास्त्रवाले म्हणत राहिले की आम्हाला एवढ्या थोड्या काळात हे थर साचवता येत नाहीत, पण त्यांच्याकडे गणित नव्हतं. पृथ्वीच्या पोटात किरणोत्सारी द्रव्यं उष्णता देतात हे अजून कळायचं होतं, आणि आतला खडक सावकाश घुसळतो हेही त्याने धरलं नव्हतं. गणित बरोबर, गृहीत चूक. आणि आता त्याच म्युझियममध्ये, त्याच्या यंत्रांपासून हाकेच्या अंतरावर, ३३ कोटी वर्षांची मोरी निवांत पडलेली. मला दोघांचीही गंमत वाटली.

मासा पहिल्या नजरेत सापडला नाही हे कबूल करते. मी त्याच्या समोरून एकदा पुढे गेले. मनात मोठं काहीतरी धरून गेले होते, जबडा वगैरे. हा दोन फुटांच्या आतबाहेर. बाजारात वाट्यावर ठेवलेल्या मोरीएवढा. काळपट दगडात, आडवा, दाबलेला, तडे गेलेला, तुकडे जोडलेले. दगडात आणि माशात रंगाचा फरक थोडाच. बराच वेळ डोळे लावून बसल्यावर एकेक भाग सुटा होत गेला. हे डोकं. हा डोळ्याचा खळगा. ही शेपूट, एकदम वर वळलेली. छातीच्या परांमागून चाबकासारखी लांब शेपटी निघालेली, ती एक वेगळीच. आणि मग डोक्याच्या जरा मागे पाठीवरून वर उठलेला तो जाड खांब आणि खांबावर सपाट पसरलेला माथा.

ते टेबल!

एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. आपण शार्कचं पर म्हणतो ते पाण्याला कापायला असतं, पातळ, मागे कललेलं. हे उलट. हे पाणी अडवायलाच केल्यासारखं. आणि त्याच्या सपाट माथ्यावर दाट काटे, ब्रशसारखे. तसेच काटे डोक्याच्या टाळूवरही. म्हणजे खाली एक ब्रश आणि वर एक ब्रश.

हे काटे काय असतील याची मला कल्पना होती. मोरीच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलटा फिरवला की किसणी. तिच्या कातडीवर खवले नसतात, अगदी बारीक दात असतात. दातच, आपल्या दातांसारखेच घडलेले. म्हणून तर साफ करताना आधी कढत पाणी ओतून ती रेती खरवडून काढावी लागते, नाहीतर कालवणात दाताखाली कचकच येते. या ३३ कोटी वर्षांपूर्वीच्या मोरीने तेच कातडीवरचे दात पाठीवरच्या टेबलावर आणि टाळूवर मोठे करून घेतले होते. साधन जुनंच होतं, वापर नवा.

दगड इतका चांगला टिकलाय की स्नायूंच्या खुणाही राहिल्या आहेत. मी त्या शोधत बराच वेळ वाकून उभी राहिले. शेजारी एक लहान मुलगा आजीला घेऊन आला, दोन सेकंद बघितलं आणि डायनोसॉरकडे पळाला. आजी आणि मी एकमेकींकडे बघून हसलो.

संध्याकाळी सई आल्यावर आम्ही दोघी तिच्या लॅपटॉपसमोर बसलो. या माशाला नाव मिळायला वीस वर्षं गेली. मायकेल कोट्स आणि सँडी सिक्वेरा या संशोधकांनी २००१ मध्ये त्याचं नाव ठेवलं अ‍ॅक्मोनिस्टिऑन झँगर्ली. ग्रीक भाषेत 'अ‍ॅक्मोन' म्हणजे ऐरण आणि 'हिस्टिऑन' म्हणजे शीड. ऐरणीचं शीड. मला नाव फार आवडलं. "ऐरण म्हणजे काय गं?" सईने विचारलं. मग मी तिला रस्त्याकडेला पाल ठोकून बसणारे घिसाडी, भाता, लालबुंद लोखंड आणि त्याच्याखालचा तो निबर ठोकळा, वर सपाट, मध्ये बारीक, हे सगळं सांगितलं. तिच्या पिढीला इस्त्रीचं टेबल, ग्रीक येणाऱ्यांना ऐरण. ज्याच्या घरात जे होतं ते त्याने माशाच्या पाठीवर ठेवलं.

याचा जवळचा भाऊबंद स्टेथॅकॅन्थस, तो अमेरिकेतून आधीच माहीत होता. न्यूबेरी नावाच्या संशोधकाने १८८९ मध्ये ठेवलेल्या त्या नावाचा अर्थ 'छातीचा काटा'. काटा पाठीवरचा! सुटे तुकडे मिळाले की असं होतं. बेअर्सडेनच्या माशाचं मोल इथे कळतं, कुठलं कुठे बसतं ते त्याच्यात बघता येतं.

पण कुठे बसतं ते कळलं तरी कशासाठी ते कळत नाही. राइनर झँगर्ल, ज्यांचं नाव माशाच्या नावात आहे, त्यांची कल्पना अशी की पाठीवरचे काटे आणि टाळूवरचे काटे समोरून एकत्र बघितले तर एखाद्या प्रचंड जबड्यासारखे दिसत असतील. छोट्या माशाने मोठ्या माशाचं सोंग घ्यायचं. कोणी म्हणतं, मोठ्या माशाच्या पोटाला हे चिकटवून फुकटचा प्रवास करायला. हे मला अजिबात पटलं नाही. ऐरण घेऊन कोणी लटकत नाही. आणि तिसरी बाजू म्हणते, नराने मादीला दाखवायला.

तिसऱ्या बाजूला एक साक्षीदार आहे. अमेरिकेत मोंटाना राज्यात बेअर गल्च नावाची चुनखडीची जागा आहे, तिथे याच गोतावळ्यातला आणखी छोटा मासा सापडला, फॅल्कॅटस. त्याच्या नराच्या मानेवरून कोयत्यासारखा वाकडा काटा पुढे डोक्यावर आलेला असतो, मादीला तो नसतो. आणि तिथल्या एका दगडात नर आणि मादी जोडीने सापडले, मादीने नराचा तो काटा तोंडात धरलेला. त्या जोडीचा फोटो बघून सई म्हणाली, "मावशी, हे तर सप्तपदी चाललीय."

आणि तिथे मला लख्ख दिसलं. टेबल नाही, ऐरण नाही, ब्रश नाही. बाशिंग! नवरदेवाच्या कपाळावर उभं राहणारं, हलताना त्रास देणारं, एका दिवसाखेरीज कशाच्याही उपयोगाचं नसलेलं. माझ्या नवऱ्याने लग्नात बाशिंग बांधलेलं असताना ते सारखं डोळ्यांवर येत होतं आणि आमच्या मामांनी मागून हाताने धरून ठेवलं होतं. या माशाला मामा नव्हता. तो ते घेऊन रोजच्या रोज पोहत होता, त्याच्यातच खात होता, त्याच्यातच पळत होता. गुडघ्याला बाशिंग बांधलेले खूप बघितले, पाठीला बांधलेला हा पहिलाच.

हे शास्त्र नाही हे मला कळतं. फॅल्कॅटसचा काटा आणि अ‍ॅक्मोनिस्टिऑनचं टेबल ही एकच वस्तू नव्हे, आणि माझं बाशिंग हेही माझ्या घरातलंच, जसं सईचं टेबल. पण मला तेच दिसलं आणि आता दुसरं दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मोडावी लागली, ती म्हणजे मोरी. २०१७ मध्ये कोट्स आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ड्वायकासेलॅकस नावाच्या जुन्या माशाची कवटी सीटी स्कॅनमध्ये घातली. आत मेंदूची आणि कानाची जागा जशी निघाली ती शार्कसारखी कमी आणि कायमेराच्या बाजूची जास्त. कायमेरा म्हणजे खोल समुद्रात राहणारे, मोठ्या डोळ्यांचे, सशासारख्या दातांचे मासे, ज्यांना इंग्रजीत भूत-शार्क म्हणतात. बाशिंगवाल्यांचा सगळा गोतावळा ड्वायकासेलॅकसबरोबर त्या बाजूला सरकला. म्हणजे माझी मोरी मोरीची सख्खी नाही, चुलत घराण्यातली. सईने हे वाचून दाखवल्यावर मी जरा खट्टू झाले. दोन दिवस तिला घरची समजत होते.

शनिवारी व्हिक्टोरिया पार्कमधलं फॉसिल ग्रोव्ह बघितलं. तिथे एका बुटक्या इमारतीच्या आत ११ दगडी बुंधे उभे आहेत, जिथे उगवले तिथेच. १८८७ मध्ये जुन्या दगडखाणीत बागेची वाट काढताना सापडले. वय साडेबत्तीस कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे पन्नासेक लाख वर्षं इकडेतिकडे सोडली तर आपल्या माशाच्याच काळातली झाडं. झाड आतून कुजून पोकळ झालं, पोकळीत वाळू भरली, वाळूचा दगड झाला. मुळं जमिनीवर फांदी फांदी फुटत गेलेली स्पष्ट दिसतात. फार सुंदर आहे, आणि तिथले स्वयंसेवक प्रेमाने सांगतात, पण माझं मन माशात होतं, त्यामुळे या जागेला मी न्याय दिला नाही. उघडायचे दिवस मोजकेच असतात, जाणाऱ्याने आधी बघून जावं. सोमवारचा धडा मी घेतला होता.

रात्री मालवणला अक्काला, म्हणजे सईच्या आईला, फोन लावला. तिकडे पहाट. अक्का बाजाराला निघायच्या तयारीत. मी तिला सगळं सांगितलं, बेअर्सडेन, विमा विकणारा माणूस, दगड, ३३ कोटी, पाठीवरचं बाशिंग. तिने मध्ये मध्ये हूं हूं केलं. मागे सई त्या टेबलावर उद्याचे कपडे इस्त्री करत होती, वाफेचा फुसफुस आवाज येत होता.

माझं संपल्यावर अक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि गो, त्या टेबलाखालचा मास खाऊक कसा लागत असतला?"